फोटोत पक्कं, पावसात कच्चं



आधीच सांगतो, मी सिव्हिल इंजिनिअर नाही. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. तरी आज घरांविषयी बोलणार आहे, कारण माझ्या खालाच्या घराच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली. ती तुमच्याकडून होऊ नये.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या थोडं आधी, किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. मला काही आठवत नाही, अम्मी सांगते. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि तिथे इतकी माणसं दगावत नाहीत. आपल्याकडे माणसं मेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या जड छतांखाली. तेव्हापासून आमच्या भागात प्रत्येक गरिबाच्या मनात एकच स्वप्न आहे: स्लॅबचं घर.

माझी खाला विधवा आहे. ती पत्र्याच्या खोलीत राहायची. २०१८ मध्ये तिला प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल मंजूर झालं. सपाट भागात या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात, त्याशिवाय रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फुटांचं. ही रक्कम २०१६ पासूनची. २०२४ मध्ये केंद्राने योजना २०२९ पर्यंत वाढवली, आणखी २ कोटी घरांचं उद्दिष्ट ठेवलं, पण केंद्राच्या योजनेतली रक्कम तीच राहिली. या काळात सिमेंट, सळई आणि वाळूचे भाव कुठे गेले, हे तुमच्या घरी कुणी बांधकाम काढलं असेल तर तुम्हाला माहीत आहे.

नियम असा आहे की लाभार्थ्याने घर स्वतः बांधायचं, ठेकेदार नेमायचा नाही. पण एकट्या बाईने वाळू, सळई, गवंडी, सेंट्रिंग हे सगळं कुठून जमवायचं? खालाने गावातल्या एका गुत्तेदाराला सगळं काम अंगावर दिलं. हप्ता आला की त्याच्या हातात. कामाच्या प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर घराचा फोटो काढतात, त्यात जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात, मग पुढचा हप्ता सुटतो. हप्त्याची स्थिती मी पुण्यातून वेबसाईटवर बघायचो.

स्लॅब मे महिन्यात पडला. गावात टँकर आठवड्यातून दोनदा. खालाने फोनवर विचारलं, "बेटा, स्लॅबवर पाणी दोनच दिवस मारलं, चालतंय का? वाळू पण लई मातकट दिसत होती." मी मीटिंगमध्ये होतो. म्हणालो, "फोटो अपलोड झाला ना खाला? मग झालं."

ही माझी चूक. पहिल्या पावसात स्लॅब गळाला. तिसऱ्या पावसाळ्यात आतली सळई गंजून फुगली आणि छताचा एक तुकडा रात्री खाटेवर पडला. नातू त्या दिवशी आईसोबत आजोळी गेला होता, म्हणून वाचला. आज खालाच्या नावावर पक्कं घर आहे आणि पावसाळ्यात ती झोपते मात्र जुन्या पत्र्याखालीच. सरकारी नोंदीत तिचं घर पूर्ण आहे, त्यामुळे तिला दुसरं मिळणार नाही. देशात घरांची टंचाई मोजताना ती बेघरांत धरली जात नाही.

मी असेच फॉर्म आणि अशीच ॲप बनवतो. म्हणून सांगतो, प्रणालीत जो रकाना असतो तेवढंच तिला दिसतं. घर कुठे आहे, ते किती उभं राहिलं, हे फोटोत कळतं. काँक्रीटमध्ये माती किती, सळई किती, हे कळत नाही. सॉफ्टवेअरमधली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. स्लॅब एकदा घट्ट झाला की संपलं.

तेव्हा तपासायचं ते स्लॅब पडण्याआधी. त्याला डिग्री लागत नाही.

एक, वाळू. काचेच्या ग्लासात अर्धी वाळू, वर मीठ घातलेलं पाणी. हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर मातीचा थर बसतो. तो वाळूच्या उंचीच्या बाराव्या भागाहून जाड असेल तर वाळू धुऊन घ्या किंवा परत पाठवा.

दोन, सळई. ८ एमएमच्या १२ मीटर लांब सळईचं वजन पावणेपाच किलोच्या आसपास भरलं पाहिजे. चार किलो भरलं तर तुमची फसवणूक झाली. सळईवर आयएसआयची खूण बघा.

तीन, सिमेंट. गोणीवर कोणत्या आठवड्यात आणि वर्षी भरली ते छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनी किंवा खडे झालेली गोणी नको.

चार, पाणी. माल पातळ केला की पसरायला सोपा जातो, पण ताकद जाते. ५० किलोच्या गोणीला साधारण २५ लिटर पाणी पुरे. आणि स्लॅब पडल्यावर मात्र पाणी हवंच: किमान ७ दिवस, कडक उन्हाळ्यात १४ दिवस. गोणपाट अंथरून ओलं ठेवलं तर कमी पाण्यात भागतं. पाण्याची सोय नसेल तर स्लॅब पुढे ढकला.

आता दोन गोष्टी आपल्या समाजाविषयी. या योजनेत शक्यतो १५ टक्के निधी अल्पसंख्याकांसाठी राखायची तरतूद आहे. ग्रामसभेत 'ड' यादी वाचली जाते, तेव्हा आपल्यातले किती तरुण हजर असतात? आपली बरीच कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या कारागीर, जागा नावावर नाही. घरकुलासाठी जागा घ्यायला राज्याची वेगळी योजना आहे, हेही अनेकांना ठाऊक नसतं. घरकुलधारकाला पाच ब्रास वाळू मोफत मिळते, तीही मागावी लागते.

दुसरी गोष्ट कडू आहे. खालाचा गुत्तेदार आपल्यातलाच होता. गवंडीकाम आणि सेंट्रिंग करणारे आपले कित्येक भाऊ आहेत. माप कमी देऊ नये, हे आपल्याला मकतबपासून शिकवलं जातं. मातकट वाळू आणि हलकी सळई हेही कमी मापच आहे. याच योजनेत गवंड्यांसाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र आहे. आपल्या पोरांनी ते घ्यावं.

मी आता एवढं करतो: गावात कुणाचाही स्लॅब असला की आदल्या दिवशी जातो. काचेचा ग्लास आणि वजनकाटा सोबत असतो. गुत्तेदाराला राग येतो, येऊ दे.

तुमच्या गावात पुढचा स्लॅब कधी आहे, ते आज घरी फोन करून विचारा. आणि पलीकडून कुणी "चालतंय का?" असं विचारलं, तर मी दिलं तसं उत्तर देऊ नका.