मुगलानची वाट

नेपाळच्या डोंगराळ मुलुखांत भारताला जुन्या काळापासून 'मुगलान' म्हणत आले आहेत. मोगलांचा देश, असा त्या शब्दाचा अर्थ. मोगलांची सत्ता गेली, शब्द मात्र राहिला. आणि पोटासाठीं दक्षिणेकडे उतरण्याची चालही राहिली. रणजितसिंहाच्या फौजेंत चाकरी करावयास नेपाळी तरुण लाहोरला जात. त्यावरून परमुलुखांत चाकरी करणाऱ्यास तेथें 'लाहुरे' हें नांव पडलें. १८१५ सालापासून इंग्रजांनीं गुरखा पलटणी उभारल्या, तेव्हां ही वाट अधिकच रुळली.

पुढें ३१ जुलै १९५० रोजीं भारत व नेपाळ यांच्यामध्यें तह झाला. त्याच्या सातव्या कलमानें वास्तव्य, मालमत्ता, व्यापार व संचार या बाबतींत एकमेकांच्या नागरिकांना सवलती मिळाल्या. १,७०० किलोमीटरांहून लांब असलेली ही सरहद्द ओलांडावयास नेपाळी माणसाला पारपत्र वा व्हिसा लागत नाहीं. अछाम, डोटी, बाजुरा या पश्चिमेकडील जिल्ह्यांत शेतें लहान व उतरणीचीं. कित्येक घरांचें घरच्या धान्यावर वर्ष निघत नाहीं. मग महाकाली नदी ओलांडून बनबसा गांठावयाचें, आणि जेथें एखादा भाऊबंद आधींच गेला असेल तें गांव जवळ करावयाचें, असा क्रम आहे.

या वाटेचें एक टोंक कोकणांत आहे. पावसाळा सरला कीं रत्नागिरी-देवगडकडील आंब्याच्या बागांत नेपाळी गडी येतात. रात्रीं राखण करणें, दिवसा वानरांना हांकणें, फवारणीला हात लावणें, झेल्यानें फळ उतरविणें, पेट्या भरणें, हीं त्यांचीं कामें. बागेंतील मांगर हेंच त्यांचें घर. मृगाच्या सुमारास हंगाम संपतो, आणि त्यांतील बरेचसे परत फिरतात.

डोंगरांतील थंड हवेंत वाढलेल्या माणसाला कोकणचा घामट उन्हाळा जड जातो. घरीं मक्याचा वा नाचणीचा 'ढिंडो' खाणाऱ्यास माशांच्या कालवणाची सवय करावी लागते. लिपि देवनागरीच असल्यानें मोटारीवरील पाटी तो वाचूं शकतो. तिचा अर्थ उमगावयास मात्र कांहीं दिवस जावे लागतात.

सणांच्या बाबतींत तर दोन्ही मुलुख अगदीं शेजारी वाटतात. नेपाळांत दशैंच्या सणाला घरांत जव रुजवितात. त्या कोवळ्या अंकुरांस 'जमरा' म्हणतात, आणि टिळा लावून तो थोरांच्या हातून मस्तकीं घेतात. आपल्याकडील घटाच्या रुजवणाशीं त्याचें साम्य उघड आहे. तिहारांतील भाइटीका आणि आपली भाऊबीज यांची तिथीही एकच. ज्या दिवशीं बागायतदाराच्या घरीं बहीण भावाला ओवाळते, त्याच दिवशीं मांगरांतल्या गड्याची बहीण अछामांत ओटीवर बसून असते.

उघड्या दाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आखाती देशांत वा मलेशियांत जाणाऱ्या कामगाराला नेपाळ सरकारची श्रमस्वीकृति घ्यावी लागते. त्यामुळें त्याचें नांव दप्तरीं राहतें. भारतांत येणाऱ्यास तिची गरज नाहीं. जाणें सोपें झालें. पण तो कोठें गेला, याची नोंदही राहिली नाहीं. झाडावरून पडला, सर्पदंश झाला, तर कोणाला कळवावयाचें हेंच पुष्कळदां ठाऊक नसतें. २०२० सालच्या मार्चमध्यें साथीमुळें सरहद्द बंद झाली, तेव्हां धारचुला येथें अडकलेल्या कांहीं नेपाळी कामगारांनीं महाकालीच्या प्रवाहांत उड्या टाकून पैलतीर गांठला. सदैव उघडें असलेलें दार एका दिवसांत लागूं शकतें, हें त्यांना तेव्हां समजलें.

तहांतलें कलम बदलणें हें सरकारांचें काम. परंतु वहींत गड्याचें पूर्ण नांव, त्याचें गांव व घरचा फोन टिपून ठेवणें, मजुरी आधीं ठरवून कागदावर लिहिणें, दुखण्यांत औषधपाणी करणें, हें बागायतदाराच्या हातचें आहे. तसेंच हांक मारण्याचें. गोरखा हें मध्य नेपाळांतील एका गांवाचें व जिल्ह्याचें नांव आहे. अछामचा माणूस तेथला नव्हे. तरी राखणीला उभा दिसला कीं तो सर्वांचा 'गुरखा' होतो, आणि आठ महिने त्याचें नांव कोणी विचारीत नाहीं. तें विचारावें आणि त्याच नांवानें त्याला बोलवावें. परमुलुखांत आलेल्या माणसाला तेथें राहावेंसें वाटावयास इतकें तरी लागतेंच.