पायांच्या मुंग्या आणि ताकदीच्या गोळ्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली एक गृहिणी. औषध सांगणे हे माझे काम नव्हे. पण घरातल्या माणसांच्या गोळ्या वेळेवर देणे आपणा बायकांकडेच असते, म्हणून त्यांविषयी चार शब्द बोलावे असे मनात आले.

कोपर स्टेशनचा जिना चढताना कुणाचे तळपाय जळतात, कुणाच्या बोटांना मुंग्या येतात. मग शेजारीण सांगते, "अहो, नसांच्या ताकदीची गोळी घ्या, मला चांगला गुण आला." जीवनसत्त्वच ते, त्याने अपाय कसला होणार, असे आपल्याला वाटते. पण एकीला लागू पडलेली गोळी दुसरीच्या आजारात बाधू शकते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

मुंग्या मधुमेहाने येतात, थायरॉइड मंदावल्याने येतात, मणक्यात नस दाबली गेली तरी येतात. तशाच त्या बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही येतात. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असते, भाजीभाकरीत नसते. सगळ्यांना दूध वाटून स्वतःला चहापुरते ठेवणाऱ्या शाकाहारी बाईला ते कमी पडावे यात नवल नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेतली की ते कमी होऊ शकते. पित्ताच्या काही गोळ्या फार दिवस घेतल्या तरी तसेच. म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना विचारून बी-१२ ची रक्ततपासणी करावी, आणि ती ताकदीची गोळी सुरू करण्यापूर्वीच करावी.

या बाबतीत आपल्या मुंबईची एक हकिगत ऐकण्यासारखी आहे. १९२८ साली डॉ. लुसी विल्स नावाच्या इंग्रज बाई मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना रक्तक्षय होई, त्याचे कारण त्या शोधत होत्या. यीस्टच्या अर्काने त्या बायका बऱ्या होतात असे त्यांना आढळले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलिक ॲसिड. गरोदरपणी आपण घेतो तेच. पण पुढे १९४० नंतरच्या दशकात निराळेच दिसून आले. ज्यांना खरी उणीव बी-१२ ची होती त्यांना नुसते फोलिक ॲसिड दिले, तेव्हा रक्त सुधारले, पण नसा बिघडतच गेल्या. चेहऱ्यावर लाली आणि पायांत बधिरपणा! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार.

बी-६ ची गोष्ट तर याहून चमत्कारिक. अंगाला ते रोज दोन मिलिग्रॅमच्या आतबाहेर पुरते. नसांच्या काही गोळ्यांत ते याच्या कितीतरी पट असते. दोन निरनिराळ्या नावांच्या गोळ्या घेतल्या, तर दोन्हींतून पोटात जाते. ते फार दिवस जास्त झाले तर त्यानेच मुंग्या येतात! मग बाई म्हणते, गुण येत नाही, आणखी एक घेते. ऑस्ट्रेलियात २०२२ पासून दहा मिलिग्रॅमहून जास्त बी-६ असलेल्या गोळ्यांवर तशी सूचना छापावी लागते.

अल्फा लिपोइक ॲसिडने साखर उतरू शकते. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असताना घाम सुटला, हातपाय कापू लागले, तर साखर उतरली असेल हे ध्यानात ठेवावे. मूत्रपिंडे अधू असतील तर मॅग्नेशियम अंगात साठून राहते. बायोटिन असलेल्या गोळ्यांनी थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

तेव्हा भगिनींनो, फार काही करायचे नाही. घरातली सगळी पाकिटे, आयुर्वेदिक चूर्णेसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा आणि आपले सर्व आजार सांगा. शेजारणीला गोळीचे नाव सांगण्याआधी, "तुम्हाला साखर आहे का? आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?" एवढे विचारा. आणि एकाएकी एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले, तर गोळी शोधत बसू नका, तडक इस्पितळ गाठा.

शेजारधर्म म्हणजे आपली गोळी दुसरीला देणे नव्हे, तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जाणे होय.