मुक्या जिवाचं पोट दुखतं तेव्हा

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी संतसाहित्य, शिवचरित्र, मधुमेह असे विषय होतात. यंदा कार्यकारिणीने आम्हाला सांगितलं, "तुम्ही जनावरांच्या खात्यात आहात, त्यातलंच काहीतरी बोला." आम्ही विचार केला, लंबोदराच्या मांडवात पोटावरच बोलावं. आपल्या घरच्या कुत्र्या-मांजरांच्या पोटावर.

एक खुलासा आधीच करतो. आम्ही डॉक्टर नाही. पशुपालनाची पदविका घेऊन सरकारी नोकरीत लागलो. १९८४ च्या पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे आमच्यासारख्यांनी नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली किरकोळ उपचारच करायचे असतात. ही मर्यादा आम्ही एकदा विसरलो. ती गोष्ट सांगायलाच आज उभे आहोत.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांकडे जर्मन शेफर्ड होता. एका रात्री जेवणानंतर त्याचं पोट फुगलं. काकांनी आमचं दार वाजवलं, "साहेब, जरा बघता का?" आम्ही बघितलं. पोट ढोलासारखं ताठ, तोंडातून लाळ, उलटी काढायचा सारखा प्रयत्न, पण बाहेर काहीच नाही. आमची नोकरी गाई-म्हशींत गेलेली. ओला चारा खाऊन गाय फुगते तसंच हे, असं समजून आम्ही तेल पाजायला सांगितलं आणि म्हणालो, "गॅस आहे, सकाळपर्यंत उतरेल." सकाळपर्यंत कुत्रा गेला.

नंतर आमच्या वरिष्ठ डॉक्टरांनी समजावलं. मोठ्या जातीच्या, खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून स्वतःभोवती पीळ घेतं. दोन्ही तोंडं बंद होतात, रक्तपुरवठा अडकतो. तिथे तेल पाजून काहीच साधत नाही, उलट ते श्वासात जाऊ शकतं. आत साठलेली हवा काढून शस्त्रक्रिया करावी लागते, आणि हाताशी तास मोजकेच असतात. साधी फुगी की पीळ, हे बाहेरून हात लावून खात्रीने कळत नाही. उजव्या कुशीवर झोपवून एक्स-रे काढला की पिळलेलं जठर मधे पडदा घातल्यासारखं दोन फुग्यांत दिसतं. एका फोटोचं काम होतं. आम्ही तो काढायला पाठवलं नाही.

तेव्हापासून आम्ही डॉक्टरांना विचारून विचारून हा विषय समजून घेतला. थोडक्यात सांगतो.

एक्स-रेत हाड, मूतखडा, सुई, नाणं पांढरं दिसतं. हवा काळी दिसते. पण रक्त, लघवी, मांस हे सगळं जवळजवळ एकाच करड्या रंगाचं. म्हणून पोटात रक्त साचलं तर एक्स-रेचं चित्र धूसर होतं. तिथे सोनोग्राफी उपयोगी. तिच्यात मोकळा द्रव काळा उठून दिसतो. मात्र हवा आडवी आली की सोनोग्राफीचा आवाज पुढे जात नाही. म्हणजे एक यंत्र दुसऱ्याची जागा घेत नाही. दोघं सख्खे भाऊ आहेत.

गाडीची धडक बसलेला किंवा गॅलरीतून पडलेला प्राणी वरून ठीक दिसतो, उठून चालतोसुद्धा. आत प्लीहा फाटलेली किंवा मूत्राशय फुटलेलं असू शकतं. अशा वेळी डॉक्टर पोटावर ठरलेल्या चार जागी सोनोग्राफीचा दांडा ठेवून मोकळा द्रव शोधतात. मिनिटांचं काम. २००४ साली अमेरिकेत वाहनाची धडक बसलेल्या १०० कुत्र्यांवर या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४५ कुत्र्यांच्या पोटात मोकळा द्रव सापडला. पहिल्या वेळी काही दिसलं नाही तरी काही तासांनी पुन्हा बघतात, कारण रक्त हळूहळूही साचतं. म्हणून डॉक्टर "थांबा, परत बघू" म्हणाले तर पैसे उकळतात असं समजू नका.

आता आपल्या सुरतेची गोष्ट. हे शहर दोऱ्याचं. घरोघरी शिलाई, जरी, साडीला टिकल्या लावायचं काम, उत्तरायणाला मांजा. मांजराला दोरा म्हणजे खेळणं. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात उतरतं. परकराची नाडी ओढली की घेर जसा चुण्यांनी गोळा होतो, तसं आतडं दोऱ्यावर गोळा होतं आणि दोरा त्याला कापत जातो. दोरा एक्स-रेत सहसा दिसत नाही. सुई असली तर तेवढी दिसते. सोनोग्राफीत आतड्याच्या चुण्या दिसतात.

लिंबायतच्या एका ताईंनी असाच फोन केला, "भाऊ, मनीच्या तोंडातून दोरा लोंबतोय, ओढू का?" आम्ही म्हटलं, "हात लावू नका, कापूही नका, लगेच निघा." नवसारीला पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तिथे त्या गेल्या. सोनोग्राफी झाली, शस्त्रक्रिया झाली. मनी आज त्यांच्या शिलाई यंत्राखालीच झोपते. दोऱ्याची रिळं मात्र आता डब्यात असतात.

घरी लक्षात ठेवायच्या खुणा सांगतो. पोट ताठ आणि कोरडी ओकारी. बोका लघवीला सारखा बसतो, पण थेंब पडत नाही. कुत्री माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी खूप पाणी पिते, मलूल होते. गर्भाशयात पू झालेला असू शकतो. हिरड्या पांढऱ्या पडणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. खाऊ घालू नका, तेल-तूप पाजू नका, माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. निघण्याआधी दवाखान्यात फोन करून एक्स-रे आणि सोनोग्राफी आत्ता होईल का, एवढं विचारा. एक्स-रेच्या वेळी प्राण्याला धरायचं असेल तर शिशाचा एप्रन मागून घ्या. गरोदर बाईने आत थांबू नये. रस्त्यावरच्या बेवारस जनावरासाठी १९६२ क्रमांकावर करुणा अॅम्ब्युलन्स आहे. ही सेवा गुजरातेत २०१७ पासून चालू आहे.

आणि या दहा दिवसांत बेदाण्यांचा प्रसाद, चॉकलेटचे मोदक, कणसाची बुरकुंडं कुत्र्यापासून दूर ठेवा. बेदाण्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, बुरकुंड आतड्यात अडकतं.

ते काका आज समोर बसले आहेत. त्यांची परवानगी घेऊनच ही गोष्ट सांगितली. त्यांनी आम्हाला कधी बोल लावला नाही, आणि तेच आम्हाला जास्त लागतं. परवानगी मागायला गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सांगा, आणि स्पष्ट सांगा. कुणाचा तरी वाचेल."

गणपती बाप्पा मोरया!