आधुनिक समाजात श्रद्धेचे मोल
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



विज्ञानाने मानवाच्या हाती अफाट सामर्थ्य दिले आहे. अशा काळात घरातील सुशिक्षित तरुण पिढी विचारते, ‘श्रद्धेचा उपयोग काय?’ हा प्रश्न उद्धटपणाचा मानू नये. बाजारात प्रत्येक वस्तूचे मोल विचारले जाते, मग श्रद्धेचे का विचारू नये? वडीलधाऱ्यांनी रागावून हा प्रश्न सुटणार नाही. त्याचे उत्तर शोधण्यास दूर जाण्याचे कारणही नाही. ते वाशिम जिल्ह्यातच, कारंजा आणि शिरपूर या दोन ठिकाणी, सापडते.

कारंजा येथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या परंपरांची मंदिरे आहेत. तेथील शास्त्रभांडारांत शेकडो वर्षे हस्तलिखित पोथ्या जपल्या गेल्या. त्यांपैकी कित्येकांची अपभ्रंश भाषा सामान्य श्रावकास वाचता येत नव्हती. तरीही श्रुतपंचमीस, श्वेतांबर परंपरेत ज्ञानपंचमीस, पोथ्या काढून, झटकून, नव्या वेष्टनात बांधण्याची प्रथा श्रावकांनी सोडली नाही. त्यात नफा नव्हता. जे आपल्याला कळत नाही, ते उद्या कोणाला तरी कळेल, हा विश्वास मात्र होता. श्रद्धेचे पहिले मोल हेच.

पुढे वाचणारे आले. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध झाली आणि कारंजाचा ठेवा विद्वानांसमोर आला. अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमालेत १९३१ साली महाकवी पुष्पदंतांचे ‘जसहरचरिउ’ निघाले. त्याचे संपादक डॉ. प. ल. वैद्य जन्माने जैन नव्हते. त्यानंतर अमरावतीचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी ‘सावयधम्मदोहा’ (१९३२), ‘णायकुमारचरिउ’ (१९३३) आणि ‘करकंडचरिउ’ (१९३४) हे ग्रंथ संपादित केले. दहाव्या शतकातील कवीची वाणी अशा रीतीने विसाव्या शतकाच्या हाती आली. मराठीसारख्या भाषा कशा घडल्या, हे जाणण्यासही या ग्रंथांचे साहाय्य झाले. श्रद्धेने ठेवा राखला आणि विवेकाने तो अभ्यासकास खुला केला. दोहोंपैकी एक जरी नसते, तरी हे कार्य घडले नसते.

आता दुसरे ठिकाण, शिरपूर. अंतरिक्ष पार्श्वनाथ प्रभूंचे हे तीर्थ दिगंबर व श्वेतांबर दोघांनाही प्राणप्रिय आहे. मात्र मूर्ती व पूजेच्या अधिकाराविषयीच्या वादातून १९८१ साली मंदिरास कुलूप लागले. भाविकांना झरोक्यातून दर्शन घ्यावे लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२३ मधील आदेशानंतर मार्चमध्ये दार उघडले, तेव्हा ४२ वर्षे लोटली होती. दार उघडल्यानंतरही काही दिवसांतच तेथे पुन्हा तणाव निर्माण झाला. कोणाची बाजू खरी, हे ठरविण्याचे हे स्थान नव्हे; परंतु ज्या समाजाने जगाला अनेकांत दिला, त्याच्या दोन शाखांना आपल्याच प्रभूंच्या दाराशी एकमत होता आले नाही, ही गोष्ट तरुणांच्या नजरेतून सुटत नाही. त्यांच्या प्रश्नामागे पुष्कळदा हीच वेदना असते.

दोन्ही ठिकाणी श्रद्धा उत्कटच होती. मग फळ निराळे का? कारंजाला श्रद्धेने ‘हे सर्वांसाठी राखायचे आहे’ असे मानले. शिरपूरला ‘हे आमचे आहे’ ही भावना प्रबळ झाली. मोक्षमार्गात सम्यक् दर्शनासोबत ज्ञान आणि चारित्र्य सांगितले आहे, ते यासाठीच. ज्ञानाविना श्रद्धा आंधळी होते आणि चारित्र्याविना ती केवळ हक्काचा दावा उरते.

श्रद्धेची कसोटी साधी आहे. संवत्सरीस किंवा क्षमावाणीच्या दिवशी ‘मिच्छामि दुक्कडम्’ आप्तांना, मित्रांना सहज म्हटले जाते. ज्याच्याशी वाद आहे, त्याच्या घराची पायरी चढून ते म्हटले जाते का? तसे घडेल, त्या दिवशी तरुणांना श्रद्धेचा उपयोग शब्दांनी समजावून सांगावा लागणार नाही.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या या न्यासाच्या हातून पुढील काळात पोथ्यांप्रमाणेच माणसेही जोडली जावोत, हीच वीरप्रभूंच्या चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!