पडशी, तिकीट आणि सोबती

युरोपांतील तरुण मंडळी उन्हाळ्याच्या सुटींत पाठीवर एकेक पिशवी टाकतात आणि तिघेचौघे मिळून आगगाडीनें इटली, स्पेन अशा दक्षिणेकडील देशांची वाट धरतात. 1972 मध्यें तिकडे 'इंटररेल' नांवाचा पास निघाला आणि 21 वर्षांपर्यंतच्या प्रवाशाला त्या एका पासावर 21 देशांत महिनाभर हिंडतां येऊं लागलें. मराठी घरांत मात्र मुलानें, आणि त्याहूनही मुलीनें, असा बेत बोलून दाखविला म्हणजे वडील मंडळींच्या कपाळाला आठी पडते. खर्चाची काळजी असतेच. पण खरी काळजी असते ती सोबतीची. ती काळजी खोटी नव्हे. मात्र सोबत्यांची पारख परदेशाच्या खर्चिक वाटेवर प्रथम करण्यापेक्षां घराजवळच्या रुळांवर केलेली बरी. आणि त्यासाठीं बल्लारपुरासारखें सोयीचें ठिकाण विरळाच.

गांवाचें नांव बल्लारपूर, स्टेशनाचें बल्लारशहा. दोन्ही नांवें खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाशीं जोडलीं जातात. वर्धा नदीच्या कांठीं गोंडराजांचा किल्ला अजून उभा आहे. येथून काझीपेठेपर्यंतचा सुमारें 235 किलोमीटरांचा मार्ग 1929 मध्यें पुरा झाला आणि दिल्ली व मद्रास सरळ जोडलीं गेलीं. ग्रँड ट्रंक एक्सप्रेसही त्याच वर्षाची. स्टेशन मागें पडतें न पडतें तोंच गाडी वर्धेच्या पुलावर येते. इंग्रजी अमदानींत ही नदी म्हणजे सरहद्द होती: अलीकडे कलदार रुपया, पलीकडे निजामाचा हाली सिक्का. पलीकडचा राजुरा तालुका चांदा जिल्ह्याला जोडला गेला तो 1959 मध्यें. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून इटलींत शिरतांना वेंतिमिल्या स्टेशनावर प्रवाशाला असाच खिशांतील पैसा बदलावा लागे. 2002 मध्यें युरोचीं नाणीं आलीं तेव्हां तो त्रास संपला. स्पेनच्या सीमेवर तर रूळच बदलतात. फ्रान्सचे 1435 मिलिमीटरांचे, स्पेनचे बहुतेक जुने मार्ग 1668 चे.

वर्धेच्या पुलावर आज कांहींच बदलावें लागत नाहीं. तरी खिडकींत बसणाऱ्याला बदल ऐकूं येतो. माणिकगड, विरूर मागें पडलीं कीं डब्यांतील बोलण्यांत तेलुगु मिसळूं लागते आणि सिरपूर-कागजनगरच्या पाटीवर लिपीही निराळी दिसते. गोंडी मात्र दोन्ही राज्यांत बोलली जाते. गंमत अशी, कीं नदीच्या दोन्ही अंगांस कागदाच्या गिरण्यांनींच गांवें वाढविलीं. इकडे बल्लारपूर, तिकडे कागजनगर, आणि दोहोंच्या मुळाशीं याच वनांतील बांबू. जलद गाडीनें रात्रीं निजून जाणाऱ्याला यांतलें कांहींच कळत नाहीं.

तिकिटाचीही सोय आहे. निघाल्या ठिकाणींच परत येणाऱ्या प्रवासासाठीं भारतीय रेल्वे चक्राकार तिकीट देते. त्यावर वाटेंत आठ ठिकाणीं उतरतां येतें आणि एकंदर अंतराचे दोन सारखे भाग धरून भाडें आकारलें जात असल्यानें तुकड्यातुकड्यांच्या तिकिटांपेक्षां तें स्वस्त पडतें. ही योजना फारच थोड्यांना ठाऊक असते.

आतां सोबती. चौघे जिवलग असले तरी चौघांची भूक एकाच वेळीं लागत नाहीं. वरंगळला उतरल्यावर एकाला काकतीयांचीं तोरणें पाहावयाचीं असतात, दुसऱ्याला 2021 मध्यें जागतिक वारशांत गेलेलें रामप्पा मंदिर, आणि तिसरा विश्रांतिगृहाच्या बाकावर आडवा होतो. भांडण होतें तें बहुधा येथें. पैशावरून होतें तें याच भांडणाचें दुसरें रूप. ज्यांनीं निघण्यापूर्वींच खर्चाची एक सामाईक थैली केली, ती रोज आळीपाळीनें एकेकाकडे दिली, आणि दिवसा पांगून संध्याकाळीं स्टेशनावरील घड्याळाखालीं भेटण्याची मोकळीक ठेवली, त्यांची मैत्री परतीपर्यंत टिकते. ज्याला ही मोकळीक म्हणजे अपमान वाटतो, त्याच्याबरोबर इटलीस जाण्याचा विचार सोडलेला बरा.

ओझ्याचा कायदा याहून कडक. ज्याची त्यानें वाहावी. पूर्वींचा प्रवासी वळकटी, ट्रंक आणि फिरकीचा तांब्या घेऊन निघे, कारण हमाल असे. वारकरी मात्र शतकानुशतकें एका पडशींत महिन्याचा संसार बसवीत आला आहे. दोन कपडे, पंचा, पातळ चादर, पाण्याची बाटली, औषधाची पुडी एवढ्यावर भागतें. चौथा जोड घेणारा सर्वांचीच गाडी चुकवितो.

मुलींच्या बाबतींत वडील मंडळींनीं नकारापेक्षां अटी घालाव्या: गाडी दिवसाची, मुक्काम आधीं ठरलेला, रोज ठराविक वेळीं घरीं फोन. पहिली फेरी चार दिवसांची पुरे. तीही जड वाटली, तर बल्लारशहाहून गोंदियाकडे जाणारा मार्ग आहे. केळझर, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा अशीं स्टेशनें त्यावर लागतात. केळझरच्या आसपास वन अगदीं रुळांपर्यंत आलेलें आहे; या मार्गावर वाघही गाडीखालीं सांपडले आहेत. नागभीडहून नागपूरकडे जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी 2019 च्या अखेरीस रुंदीकरणासाठीं थांबली. तिच्यांत बसावयाचें राहून गेलेले चंद्रपूरकर आज पुष्कळ भेटतात.