घरकुलाची यादी आणि कार्यकर्त्याचे काम

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात धुळे येथे केलेल्या भाषणाचा संक्षेप)

घरांच्या प्रश्नावर आपण आजवर जे ठराव केले, त्यांत 'इतकी लाख घरे बांधा' अशी मागणी असते. ती चुकीची नाही. परंतु साक्रीच्या किंवा चोपड्याच्या पंचायत समितीच्या पायऱ्यांवर जो माणूस सकाळपासून बसलेला असतो, त्याचा प्रश्न लाखांचा नसतो. आपले नाव यादीत आहे की नाही, असल्यास कितवे आहे आणि मागच्याचे नाव पुढे कसे गेले, एवढेच त्याला हवे असते. म्हणून मी आज घरांच्या संख्येविषयी थोडे आणि यादीविषयी अधिक बोलणार आहे. घर कोणाला द्यायचे हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्या हाती गावातील निम्मी सत्ता असते. आणि या सत्तेचा विचार आपण पुरेसा केलेला नाही.

सरकारने गरिबांसाठी घरे बांधावीत ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबई राज्याने १९४८ साली गृहनिर्माण मंडळाचा कायदा केला. १९७६च्या कायद्यानुसार १९७७ साली 'म्हाडा' अस्तित्वात आली. ग्रामीण भागासाठी १९८५-८६ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. २०१५ साली शहरांसाठी आणि २०१६ साली खेड्यांसाठी प्रधानमंत्री आवास योजना आली. त्यांच्या जोडीला राज्याच्या रमाई, शबरी, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत अशा योजना आहेत. नावे बदलली, पक्ष बदलले. पण घर वाटण्याच्या पद्धती मूलतः दोनच राहिल्या. एक सोडतीची, दुसरी यादीची. दोहोंचे गुणदोष नीट समजून घेतले पाहिजेत.

प्रथम सोडत पाहू. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीनही जिल्हे म्हाडाच्या नाशिक मंडळात येतात. मंडळ जाहिरात काढते. अर्जदाराने आधार, पॅन, उत्पन्नाचा पुरावा, महाराष्ट्रातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला अशी कागदपत्रे द्यायची, आपल्या उत्पन्नगटात अर्ज करायचा, अनामत रक्कम भरायची आणि संगणकाने काढलेल्या सोडतीची वाट पाहायची. २०२३पासून नोंदणी आणि कागदपत्रांची तपासणी सोडतीपूर्वीच करण्याची पद्धत आली. हे सारे पूर्वीच्या वशिलेबाजीपेक्षा निश्चितच स्वच्छ आहे. यंत्राला जात कळत नाही आणि त्याच्या घरी मिठाईचा पुडा पाठविता येत नाही, हा सोडतीचा मोठा गुण आहे.

परंतु चिठ्ठी टाकून निर्णय करणे न्याय्य केव्हा ठरते? सर्वांची गरज सारखी असेल तेव्हा. २०२२ साली शासनाने उत्पन्नमर्यादा वाढविल्या, तेव्हा महानगर प्रदेश आणि मोठी शहरे वगळता उर्वरित महाराष्ट्रात अत्यल्प उत्पन्नगटाची वार्षिक मर्यादा साडेचार लाख रुपये झाली. म्हणजे महिन्याला साडेसदतीस हजार मिळविणारा नोकरदार आणि दहा हजारांत पाच माणसे जगविणारी जिनिंगमधील कामगार स्त्री एकाच घागरीत चिठ्ठ्या टाकतात. तिच्याजवळ अनामत भरायला पैसे नसतात, सोडत लागलीच तर उरलेल्या किमतीसाठी कर्ज द्यायला बँक तयार नसते. तिची चिठ्ठी घागरीत पडण्याआधीच बाहेर पडलेली असते. आणखी एक गोष्ट सांगतो. या सोडतीत अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, अपंग यांच्याबरोबर आजी-माजी आमदार-खासदारांसाठीही राखीव हिस्सा आहे! लोकप्रतिनिधीला निवाऱ्याची अशी कोणती विवंचना आहे, हे शासनाने एकदा जनतेला समजावून सांगावे.

खाजगी विकासकाने मोठ्या प्रकल्पातील २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्नगटासाठी ठेवावीत, असा नियम २०१३ साली झाला. तोही दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांपुरता. २०११च्या जनगणनेत जळगाव शहराची वस्ती साडेचार लाखांच्या पुढे आणि धुळ्याची पावणेचार लाख होती. म्हणजे जो नियम नाशिकच्या बिल्डरला बांधतो, तो आपल्या शहरांतील बिल्डरला बांधत नाही. लहान शहरातील गरीब हा कमी गरीब असतो, असा काही शोध मंत्रालयात लागलेला असावा.

आता यादीकडे वळू. ग्रामीण योजनेत अर्जावर अर्ज करून घर मिळत नाही, हे आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसते. मूळ आधार २०११च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणाचा. त्यातून ज्यांना घर नाही किंवा ज्यांचे कच्चे घर दोन खोल्यांपर्यंतचे आहे, अशी कुटुंबे काढली गेली. प्रथम बेघर, मग शून्य खोलीचे, मग एका खोलीचे, मग दोन खोल्यांचे असा क्रम लावला गेला. प्रत्येक थरात पुन्हा वंचिततेचे निकष: कुटुंबात १६ ते ५९ वर्षांचा कोणी आहे का, घर चालविणारी एकटी स्त्री आहे का, पंचविशीपुढचे कोणी साक्षर आहे का, अपंग माणूस आहे का, भूमिहीन मजुरी हेच उत्पन्न आहे का. ही यादी ग्रामसभेपुढे वाचायची, अपात्र नावे कारणासह वगळायची, आणि तक्रार असल्यास वरच्या समितीकडे अपील करायचे. राहिलेल्यांसाठी पुढे २०१८ साली आणि त्यानंतर २०२४पासून पुन्हा पाहणी झाली.

कागदावर ही पद्धत सोडतीपेक्षा श्रेष्ठ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण ती गरज मोजते. समाजवाद्याला याहून वेगळे मोजमाप मान्य होणार नाही. परंतु गरज मोजणारी पट्टी कोणाच्या हाती आहे, हे पाहिल्याशिवाय तिची स्तुती करता येत नाही.

ग्रामसभा भरते २६ जानेवारीला. त्या वेळी साक्री, पारोळा, चाळीसगाव तालुक्यांतील ऊसतोड मजूर कोठे असतो? दिवाळीनंतर तो कोपीत राहायला परजिल्ह्यात गेलेला असतो. गावात त्याचे घर म्हणजे कुलूप लावलेला पऱ्हाटीचा कुड. पाहणी करणारा येतो, कुलूप पाहतो आणि 'स्थलांतरित' असा शेरा मारून पुढे जातो. ज्याला घराची सर्वांत अधिक गरज, तोच घरी नसल्यामुळे बाद! दुसरीकडे निकषांनीही लोकांची थट्टा केली. २०२४ साली शिथिल होईपर्यंत दुचाकी किंवा शीतकपाट असणे अपात्र ठरायला पुरेसे होते. केळीच्या बागेत कामाला जाण्यासाठी रावेर-यावलच्या मजुराने हप्त्यावर जुनी फटफटी घेतली, तर सरकारच्या लेखी तो सधन झाला.

तिसरा अडसर जागेचा, आणि तो सर्वांत अवघड आहे. अनुदान घराला मिळते. पण घर बांधायला स्वतःची जागा हवी. धुळे जिल्ह्यात जवळजवळ एकतृतीयांश लोक आदिवासी. भिल्ल वस्त्या पुष्कळ ठिकाणी गावठाणाबाहेर, गायरानावर किंवा नाल्याच्या काठी. तीन पिढ्या तेथे राहिलेल्या माणसाजवळ जागेचा उतारा नसतो. जागा खरेदीसाठी अर्थसाहाय्याची योजना आहे, अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णयही झाले; परंतु मोजणी, नकाशा, प्रस्ताव, मंजुरी या साखळीतील प्रत्येक कडी वेगळ्या टेबलावर असते. जमिनीच्या फेरवाटपाचा प्रश्न आपण अर्ध्यावर सोडला. तो आता घरकुलाच्या रूपाने दाराशी येऊन उभा आहे.

नाव आले तरी वनवास संपत नाही. २०१६ साली सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागासाठी १ लाख ३० हजार रुपये ठरले. पुढे सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी वाढत राहिली. राज्याने ५० हजारांची भर घालण्याचे ठरविले ते २०२५ साली. पैसे हप्त्यांनी येतात. जोते झाल्याचे छायाचित्र वर गेले की पुढचा हप्ता, भिंती उठल्या की त्यापुढचा. पण जोते बांधायला पैसे आधी लागतात. म्हणून गरीब माणूस सावकाराकडे किंवा मुकादमाकडे जातो आणि पुढच्या हंगामाची मजुरी आज गहाण टाकतो. घरकुलाच्या भिंतीत उचलीचे पैसे चिणले जातात. २०२५च्या धोरणात लाभार्थ्याला ५ ब्रास वाळू फुकट देण्याचे ठरले. वाळू गिरणेत आणि पांझरेत आहे. ती दारापर्यंत आणणारा ट्रॅक्टर मात्र फुकट नाही.

मित्रहो, खानदेशात घरांविषयी बोलावे आणि जळगावच्या घरकुल प्रकरणाविषयी मौन पाळावे, हे होणार नाही. १९९०च्या दशकात जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीवासीयांसाठी हजारो घरे बांधण्याची योजना आखली. कर्जे काढली गेली, ठेका दिला गेला, ठेकेदाराला आगाऊ रकमा दिल्या गेल्या आणि बरीच घरे अपुरी राहिली. २००६ साली तत्कालीन महापालिका आयुक्तांनी फिर्याद दिली. खटला याच धुळे शहरातील विशेष न्यायालयात चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावण्यात आली. अपव्यवहाराची रक्कम सुमारे २९ कोटींची होती. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. त्या बाजूवर मी भाष्य करीत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे गेली, आणि निकालपत्राच्या एकाही पानाने कोणाच्या डोक्यावर छप्पर घातले नाही. कर्जाचा बोजा शहराने वाहिला. दंड कोणी किती भरावा हे न्यायालय ठरवू शकते; ज्या मुलाचे बालपण झोपडीत गेले ते त्याला परत देऊ शकत नाही. ठेका देताना, जागा निश्चित करताना, आगाऊ रक्कम मंजूर करताना ज्यांच्यासाठी घरे होती त्यांच्यापैकी एकही माणूस टेबलाच्या त्या बाजूला नव्हता. हा या प्रकरणाचा खरा धडा आहे.

जगात याहून चांगले घडले आहे काय? घडले आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहराची सत्ता समाजवाद्यांच्या हाती आली. त्यांनी १९२३ साली चढत्या दराचा घरपट्टीसारखा कर बसविला; मोठ्या हवेलीला जास्त, कामगाराच्या खोलीला नाममात्र. त्या पैशातून १९३४पर्यंत ६० हजारांहून अधिक घरे उभी राहिली आणि ती गरजेच्या गुणांकनाने वाटली गेली. फॅसिस्ट वृत्तीच्या सरकारने फेब्रुवारी १९३४मध्ये त्याच वसाहतींवर तोफा डागल्या, यावरून त्या घरांचे राजकीय मोल ओळखावे. दुसरे उदाहरण नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहराचे. तेथे १९९०च्या सुमारास रिकामी घरे जाहीर करून गरजूंनीच आपली पसंती नोंदवायची, अशी रीत सुरू झाली. ती पुढे इंग्लंडच्या नगरपालिकांनी उचलली. तिला बोली म्हणतात, पण ही बोली पैशाची नसते. ज्याची गरज मोठी किंवा प्रतीक्षा दीर्घ त्याचा क्रम वर, आणि घर कोणत्या क्रमाला गेले हे नंतर जाहीर होते. बोली म्हटली की आपल्याला वाळूचा लिलाव आठवतो. गरजेचीही बोली असू शकते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अर्थात घरेच अपुरी असली की ही रीतही लांबलचक रांगच ठरते, असा तेथलाही अनुभव आहे.

दूर जाण्याचेही कारण नाही. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. काम मागितल्यावर १५ दिवसांत ते द्यायचे, नाही तर भत्ता द्यायचा, हे त्याचे मर्म. तेथे मजूर याचक नव्हता, हक्कदार होता. शासनाला मुदत होती. घरकुलात मुदत फक्त लाभार्थ्याला आहे. अमुक दिवसांत जोते बांध, नाही तर नोटीस. शासनाने किती वर्षांत घर द्यावे याला मात्र मर्यादा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली चमेली सिंग खटल्यात निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पण ज्या हक्काला तारीख नाही तो हक्क आश्वासनाहून फारसा वेगळा नसतो.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. प्रतीक्षायादीतील प्रत्येक कुटुंबाला क्रम आणि मुदत लेखी मिळावी; मुदत टळल्यास घरभाड्याचा भत्ता द्यावा. यादीचे वाचन मजूर गावात असताना, म्हणजे १ मेच्या ग्रामसभेत व्हावे आणि वगळलेल्या प्रत्येक नावापुढे कारण लिहावे. जागा आणि घर यांची मंजुरी एकाच प्रस्तावात व्हावी. पहिला हप्ता जोते उभे राहील एवढा असावा. सोडतीत उत्पन्नगटाच्या आत गरजेचे गुण धरावेत, लोकप्रतिनिधींचा हिस्सा रद्द करावा, आणि २० टक्क्यांचा नियम जळगाव-धुळ्यासारख्या शहरांना लागू करावा.

शेवटी आपल्या स्वतःच्या कामाविषयी. अर्ज भरून देणे, दाखले काढून देणे, साहेबांना फोन करणे ही सेवा आहे आणि ती टाळता येत नाही. परंतु तिच्यात एक मोह आहे. ज्याला घर मिळाले तो आपला मतदार झाला, असे वाटू लागले की कार्यकर्ता आणि दलाल यांच्यातील रेघ पुसट होते. एक जण पैसे घेतो, दुसरा मत घेतो. यादीचा क्रम दोघेही बिघडवतात. आपल्या ओळखीच्या माणसाचे नाव पुढे सरकविण्यासाठी शब्द टाकायचा नाही, हा नियम आपण स्वतःला घालून घेतला पाहिजे. तो कठीण आहे. दारी आलेल्या म्हाताऱ्या भिल्ल स्त्रीला 'तुझ्या आधी नऊ नावे आहेत' असे सांगणे सोपे नसते. पण त्या नऊ जणांना आणि तिला एकत्र बसवून यादी वाचून दाखविणे, दहावे नाव अकरावे का झाले याचा जाब ग्रामसेवकाला सर्वांसमक्ष विचारणे, हे आपण करू शकतो. पुढच्या १ मेला आपल्यातील प्रत्येकाने निदान एका गावाची यादी ग्रामसभेत पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत मोठ्याने वाचली जाईल एवढे पाहावे. या वर्गातून एवढे काम हाती घेऊन उठलो तरी पुष्कळ झाले.