कप वेगळा नको

आज बोलू या एचआयव्हीसोबत जगणाऱ्या बाईच्या मनाविषयी.

सरकारी दवाखान्यातल्या एआरटी केंद्रात गोळ्या मोफत मिळतात. रोज, न चुकता घेतल्या तर बाई वर्षानुवर्षे शेतात राबते, लेकरं वाढवते. पण बैठकीत तिच्यासाठी चहाचा कप वेगळा निघाला, की ती यायचीच बंद होते. घास उतरत नाही, झोप लागत नाही. ‘आता कुणासाठी जगू?’ असं होतं. मग गोळ्याही सुटतात आणि आजार बळावतो.

एका ताटात जेवून, हात धरून किंवा डास चावून एचआयव्ही होत नाही.

म्हणून आम्ही गटांत ठरवलंय : बचत-कर्जात तिचा हक्क सगळ्यांसारखाच. ‘कुणामुळे झालं?’ हे विचारायचं नाही. तिने विश्वासाने सांगितलेलं तिच्या संमतीशिवाय कुणाला सांगायचं नाही. २०१७ चा कायदाही तेच सांगतो. ती बैठकीला आली नाही, तर घरी जाऊन बसायचं, तिचं ऐकायचं.

मन फारच खचलं तर टेली-मानसचा १४४१६, एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७. दोन्ही फोन मोफत आहेत.

पुढच्या बैठकीत चहा सगळ्यांना सारख्याच कपांत द्या, बायांनो.